पाय मोडला तर बरं, असं वाटू लागतं तेव्हा

पत्र:

नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतो. वय ४२. मूळ गाव जत तालुक्यात. वडीलही ह्याच यार्डात होते. बारावीपर्यंत शिकलो, मग टोळीत आलो, त्याला २० वर्षं झाली. हळद, गूळ, बेदाणा, जे येईल ते. सध्या हळदीचा सीझन आहे. दिवसाला दीडशे पोती तरी पाठीवरून जातात. पोतं पन्नासचं म्हणतात, पण साठपर्यंत भरतं.

गेल्या दिवाळीपासून काहीतरी बिनसलंय. सकाळी जाग येते, पण कॉटवर नुसता बसून राहतो, उठवत नाही. थप्पी बघितली की राग येतो, कुणावर ते कळत नाही. रविवारी दिवसभर झोपतो, सोमवारी परत तेच. घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. मुलगी बारावीला होती, पेपर कसे गेले हेसुद्धा विचारलं नाही. कंबर दुखते, डाव्या पायाला मुंग्या येतात. हळदीच्या धुरळ्यानं खोकला असतोच. दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा घेतो. क्वार्टर आधी आठवड्यातून एकदा व्हायची, आता बहुतेक रोज.

बायको म्हणते, सोडा हे काम, चहाचा गाडा टाकू. आई म्हणते, तुझ्या बापानं क्विंटलची पोती उचलली, कधी कुरकुर केली नाही. टोळीत बोलायची सोय नाही. आमची हमाली सगळ्यांत सारखी वाटली जाते, मी कमी उचललं तर ते दुसऱ्यावर पडणार. म्हणून मी उलट जास्तच उचलतो.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. मागच्या महिन्यात थप्पीवरनं एक पोतं खाली गेलं. खालच्या गड्याचा पाय थोडक्यात वाचला. सगळे म्हणाले, निसटलं. निसटलं नव्हतं. मी सोडलं. मुद्दाम नाही, पण धरून ठेवावं असं त्या वेळी वाटलंच नाही. कधी कधी वाटतं, आपलाच पाय मोडला तर बरं, तेवढीच सुट्टी.

मी आळशी झालोय का? काम सोडू का? (फोनवर बोलून टाईप केलंय, चुका असतील.)

— एक हमाल, सांगली

उत्तर:

दादा,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते. त्याआधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू. पाय मोडला तर बरं, तेवढीच सुट्टी. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. रात्रपाळी करून आलेली नर्स म्हणते, टायफॉइड झाला तर आठ दिवस पडून तरी राहता येईल. बसचा ड्रायव्हर म्हणतो, गाडीच बंद पडावी. अंगमेहनतीच्या माणसाला थांबायचं तर दाखवायला काहीतरी लागतं. प्लास्टर, टाके, निदान थर्मामीटरवरचा ताप. मनानं हात टेकलेत म्हटलं तर कोण सुट्टी देणार? मग माणूस दुखापतीची वाट बघू लागतो. तुमच्याकडे ती जवळजवळ आलीच होती, फक्त पाय दुसऱ्याचा होता.

हे तुम्हाला टोचायला लिहिलेलं नाही. ते पोतं निसटलं नव्हतं हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, ते लिहायला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. पुढं जे सांगणार आहे ते त्या पोत्याभोवतीच फिरतं.

आधी आळसाचं बघू. दीडशे पोती, पन्नास किलोनं धरली तरी दिवसाला साडेसात टन. साठनं धरली तर नऊ. सहाचाकी ट्रक भरेल एवढा माल रोज पाठीवरून नेणाऱ्या माणसाला आळशी म्हणायचं तर मेहनती कुणाला म्हणायचं, हे तुमच्या आईंनीच सांगावं. तुम्हाला जे झालंय त्याला बर्नआउट म्हणतात. १९७४ मध्ये फ्रॉयडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात झटणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल हे पहिल्यांदा नीट लिहिलं. तेव्हापासून डॉक्टर, नर्स, शिक्षक, आयटीवाले यांच्या बर्नआउटवर ढिगानं लिहिलं गेलं. हमालाला मात्र लोक ‘दमला असेल’ म्हणतात आणि विषय संपवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागचा ताण वर्षानुवर्षं तसाच चालू राहिला की ही अवस्था येते, असं म्हटलं. त्यात तीन गोष्टी धरल्या: अंगातलं बळ संपल्यासारखं होणं, कामाबद्दल तिटकारा किंवा तुटलेपण येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं.

तुमचं पत्र यावर लावून बघा. सकाळी कॉटवर बसून राहणं ही पहिली गोष्ट. थप्पी बघून येणारा राग ही दुसरी. ‘मी आळशी झालोय का’ हा प्रश्न म्हणजे तिसरी. नुसता दमलेला माणूस रविवारी झोपला की सोमवारी ताजा असतो. तुम्ही दिवाळीपासून दर रविवारी झोपताय आणि सोमवारी परत तिथंच, म्हणजे नुसत्या झोपेनं हे भरून निघणारं नाही.

तरीही, याला बर्नआउट म्हणून मोकळं व्हायच्या आधी एक दिवस दवाखान्यात घालवा, आणि तो याच आठवड्यात. कारण थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं, साखर वाढली, बी-ट्वेल्व्ह उतरलं, तरी माणूस असाच गळून जातो, असाच चिडतो. यातलं काही असेल तर वर्षभर मनाला दोष देत बसाल आणि इलाज निघेल महिन्याच्या गोळ्यांचा. सांगलीच्या सिव्हिलमध्ये सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. ‘थकवा आहे’ एवढंच सांगून थांबू नका. पायाच्या मुंग्या सांगा, गोळ्या किती दिवस चालू आहेत ते सांगा, दारूही सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू देत. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, बीपी आणि क्रिएटिनिन, एवढं तरी बघायला सांगा.

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, आणि ती तुमच्यासाठी मुद्दाम सांगतेय. मेडिकलमधून दुखण्याच्या ज्या गोळ्या सर्रास मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणी रोज घेतल्या तर पोटात जखम करतात, बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. एप्रिलच्या उन्हात घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा माणूस त्या घेत असेल तर धोका आणखी वाढतो. वर रिकाम्या पोटी क्वार्टर गेली तर पोटाचं काय होत असेल? शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही, जाताना पाकीट खिशात घालून न्या.

मुंग्यांचं वेगळं सांगते. कंबरेतून निघून पायात उतरणाऱ्या मुंग्या म्हणजे बहुतेक वेळा मणक्यापाशी नस दबतेय. त्यावर पुष्कळ उपाय आहेत, आणि ऑपरेशन दर वेळी लागतंच असं नाही. पण पायातली ताकद कमी वाटली, पाऊल फरफटू लागलं, लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, तर सकाळपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. रात्री दोन वाजता झालं तरी थेट अपघात विभागात.

खोकल्याचंही तसंच. हळदीच्या टोळीत खोकला सगळ्यांनाच असतो, म्हणून कुणी तो मोजत नाही. धुरळ्याच्या नावाखाली क्षयरोग महिनोन् महिने लपून राहू शकतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. संध्याकाळी अंग कोमट लागत असेल, वजन उतरलं असेल, तर हे आधी करा.

दवाखान्याचं इतकं लांबलं, कारण यातलं काहीही टाळून पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

आता क्वार्टर. मी दारूबंदीवर प्रवचन देणार नाही, तुमच्या घरात ते काम करायला माणसं असतील. एकच सांगते. दारूनं झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती झोप तुटते. माणूस सात तास अंथरुणात असतो आणि उठतो तीन तास झोपल्यासारखा. मग सकाळी कॉटवर बसून राहतो. मग अंग आणखी दुखतं, गोळी लागते, संध्याकाळी पुन्हा बाटली लागते. चार रात्री न पिता काढून बघा. हात थरथरले, खूप घाम आला, काही दिसल्याचे भास झाले, तर मात्र स्वतःच्या हिमतीवर थांबू नका. सवय शरीरात मुरली आहे असा त्याचा अर्थ, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

तुमच्या वडिलांकडे वळते. त्यांनी क्विंटलची पोती उचलली हे खरंच असणार, त्या काळी तसंच होतं. पण तुमच्या वडिलांच्या पिढीतल्या माणसांनी कुरकुर केली नाही, हे मात्र खरं नाही. त्यांनी कुरकुर केली म्हणून तर १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाटण तालुक्यातनं मुंबईला गेलेले अण्णासाहेब पाटील स्वतः पाठीवर ओझी वाहत होते. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी ‘हे असं चालणार नाही’ म्हटलं, मोर्चे काढले, संप केले. आज तुमचं नाव माथाडी मंडळाच्या दप्तरात असेल, लेव्हीतून, म्हणजे मजुरीवर मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या जादा रकमेतून, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी जमा होत असेल, तर ते त्या कुरकुरीचं फळ आहे. आईंना हे सांगा, भांडणाच्या सुरात नको. आणि वडील हयात असतील तर एकदा विचारा, उतारवयात पाठ काय म्हणते.

‘एवढी मेहनत करतो म्हणजे तब्येत कमावलेली असणार’ हा समजही आपल्याकडे फार पक्का आहे. या कृष्णाकाठी तालमींना तोटा नाही, कुठल्याही वस्तादाला विचारून बघा. पैलवान जोर-बैठका मारतो, लढत करतो, मग खातो, मालिश करून घेतो, दुपारी झोपतो. मेहनत थोडा वेळ आणि जोरात, मग भरपूर आराम, असं त्याचं गणित असतं. कुस्ती तोंडावर आली की वस्ताद मेहनत कमी करतो. तुमच्या कामात जोर आहे, पण तो आठ-दहा तास चालतो, नाडी दिवसभर चढलेली राहते, आणि केव्हा थांबायचं हे ट्रकवाला ठरवतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. व्यायामानं हृदयाला जो फायदा होतो, तो पोटासाठी करावी लागणाऱ्या जड कामातून तसा मिळत नाही, उलट तोटाच होतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा संध्याकाळी ‘व्यायाम करा, मोकळं वाटेल’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तुम्हाला खुराक आणि आराम हवा. सकाळी नुसत्या चहावर यार्डात जात असाल तर ते आधी बंद करा. दोन भाकरी पोटात पडल्याशिवाय पहिलं पोतं नको. दुपारपर्यंत पाण्याबरोबर मीठ घातलेलं ताक किंवा आंबील पोटात जाऊ द्या. पोतं कसं उचलायचं, गुडघे कुठं आणि पाठ कशी, हे मी तुम्हाला शिकवणार नाही. वीस वर्षं ते करणाऱ्या माणसाला खुर्चीत बसून ते सांगणं बरं दिसत नाही.

आता टोळीकडे येते. तुमच्या पत्रातली कळ मला तिथं दिसते. हमाली सारखी वाटली जाते, म्हणून दमलेला माणूस दम लपवतो. लपवायचं तर इतरांपेक्षा जास्त उचलून दाखवावं लागतं. जास्त उचललं की आणखी दमतो, आणि लपवायला आणखी जोर लागतो. दादा, तुम्ही दोन नोकऱ्या करताय. एक पोती वाहायची आणि दुसरी आपल्याला काही झालेलं नाही असं दाखवायची. माझा अंदाज आहे की दुसरीनं तुम्हाला जास्त पिळलंय. सगळ्यांत सारखं वाटायची ही रीत माझ्या मते यार्डातली सगळ्यांत माणुसकीची गोष्ट आहे. एखाद्याचा हात अवघडला, घरी मयत झाली, तर बाकीच्यांनी ओढून न्यायचं, यासाठीच ती असते. तुम्ही वीस वर्षांत कुणाच्या वाटचं उचललं नसेल? नक्की उचललं असेल, आणि तेव्हा तुम्ही त्याचा हिशोब ठेवला नसेल.

तेव्हा बोला. सगळ्या टोळीपुढं उभं राहून नको. चहाच्या टपरीवर दहा जणांत नको, तिथं चेष्टा होईल आणि तुम्हीही चेष्टेवारी न्याल. मुकादमाला एकट्याला गाठा, यार्ड बंद व्हायच्या वेळी. लांबण लावू नका. असं म्हणा: ‘दिवाळीपासून माझं काही खरं नाही. कंबर आणि पाय दाखवायला सिव्हिलला जातोय. त्या दिवशीचं पोतं निसटलं नव्हतं, माझं ध्यान नव्हतं. पुढचे पंधरा दिवस मला वरच्या थरावर चढवू नका, खालचं काम द्या.’

पोत्याचं त्यांना का सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. कारण मुकादम तुम्हाला अजून भरवशाचा गडी समजून वर चढवतोय आणि खाली माणसं उभी आहेत. मनानं हात टेकलेल्या माणसाची पकड कधी सुटेल ते त्यालाही कळत नाही. तो खालचा गडी रोज तुमच्यावर विसंबून उभा राहतो, तेवढं कळायचा त्याचा हक्क आहे. मुकादम शिव्या घालेल, घालू द्या. त्या कुणीतरी घालाव्यात असं तुम्हालाही आत कुठंतरी वाटतंय, असं पत्र वाचताना मला वाटलं.

खालची कामं कुठली ते तुम्हाला माहीत आहे. पोती शिवणं, काट्यावर पोतं सरकवणं, गाडीवर फळी लावून ओढून घेणं, सांडलेला माल गोळा करणं. ती कायम एकालाच देऊन टाकायची नसतात. टोळीनं पाळीपाळीनं फिरवली तर चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांच्याच पाठीला उसंत मिळेल. हे तुम्ही सुचवलंत तर आणखी दोघं-तिघं मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडतील, हे मी पैजेवर सांगते.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ते एक राहिलं. पोतं पन्नासचं म्हणतात आणि साठपर्यंत भरतं. पोत्यामागं दहा किलो, दीडशे पोत्यांना दीड टन. हमाली पोत्यावर मिळत असेल तर हा दीड टन तुम्ही रोज फुकट वाहताय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच शिफारस केली आहे की प्रौढ पुरुषानं उचलून न्यायचं वजन ५५ किलोच्या वर असेल तर ते लवकरात लवकर तिथपर्यंत खाली आणावं. साठचं पोतं त्याच्याही वर गेलं. हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या मनाचा नाही, आणि तो एकट्यानं मांडूही नका. टोळ्यांनी मिळून हमालांच्या संघटनेकडं न्यावा, संघटनेनं आडत्यांशी आणि बाजार समितीशी बोलावं. काट्यावर वजन दिसतं, पावतीवर येतं, पुरावा रोज तयार होतोय. थप्पी बघून राग कुणावर येतो ते कळत नाही म्हणालात ना? त्यातला थोडा या दहा किलोंवर काढायला माझी हरकत नाही.

आता काम सोडू का, हा प्रश्न. आत्ता नको. चहाच्या गाड्याला माझा विरोध नाही, वहिनींचा विचार प्रेमातनं आलाय. पण चहाचा गाडा म्हणजे पहाटे चारला उठणं, दिवसभर उभं राहणं, उधारी मागणं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं. सध्या तुम्हाला घरच्यांशी बोलावंसं वाटत नाही, तिथं दिवसभर अनोळखी माणसांशी काय बोलणार? या अवस्थेत माणसाला कुठलीही दुसरी जागा बरी वाटते, म्हणून मोठे निर्णय या दिवसांत घेऊ नयेत. फंड काढून गाड्यात घालणं तर अजिबात नको. मंडळाच्या कार्यालयात एकदा जा, तुमच्या नावावर भविष्य निर्वाह निधी किती, ग्रॅच्युइटीचा हिशोब काय, पगारी सुट्ट्या किती उरल्यात, हे लेखी मागा. सुट्टीचा पैसा लेव्हीत धरलेला असतो आणि कित्येक हमाल तो विचारतच नाहीत. पाय न मोडता मिळणारी सुट्टी कदाचित तिथं तुमच्या नावावर पडून असेल.

हळद ओसरली की जूनमध्ये कामाला उतार पडतो. दवाखान्याचं, झोपेचं, दारूचं मार्गी लागलं असेल तर तेव्हा घरी बसून पुढच्या दहा वर्षांचं बोला. पाठीवरचं काम पन्नाशीनंतर झेपेल, असं धरून चालू नका. बारावी शिकलेल्या माणसाला यार्डात दुसरी कामं असतात: तोलाई, गोदामाची नोंद ठेवणं, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मालाची आवक-जावक बघणं. पैसे सुरुवातीला कमी मिळतील, हे लपवत नाही. पण शोध चाळिशीतच सुरू केलेला बरा. मणका बसल्यावर शोधायला निघालं की मिळेल ते घ्यावं लागतं.

मुलीचं लिहायला तुम्हाला लाज वाटली असावी, कारण एका ओळीत उरकलंत. पेपर कसे गेले ते आता विचारायला उशीर झालेला नाही, निकाल अजून लागायचाय. समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. ‘मधे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आता सांग’ एवढं पुरे. बारावीच्या मुलीला बापाचं काहीतरी बिनसलंय हे दिवाळीपासून दिसत असतं. आपल्यामुळं तर नाही ना, एवढीच तिला धास्ती असते.

पाय मोडला तर बरं, याच्या पुढं मन कधी गेलं, आपण नसलो तरच बरं असं वाटलं, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागते, मराठीत बोलतात आणि पैसे पडत नाहीत. तेवढं टोकाचं वाटत नसलं तरी करता येतो. आणि सिव्हिलला जाल तेव्हा मानसोपचार विभागाचाही केसपेपर काढा. तिथल्या बाकावर ओळखीचं कुणी भेटलं तर तोही त्याच कामाला आलेला असेल.

सोमवारी आवक जास्त असते, तेव्हा दवाखान्यासाठी मंगळवार किंवा बुधवार धरा आणि मुकादमाला आदल्या संध्याकाळी सांगा. रिपोर्ट आले की मला परत लिहा. क्रिएटिनिनचा आकडा आणि पोत्याचं खरं वजन, दोन्ही कळवा.

— तुमची ताई, सल्ला सदर